बांधाखालची वस्ती

इथे अमेरिकेत आपल्यापैकी अनेकांची घरे छोट्या विहारतळ्यांच्या काठी आहेत, त्या तळ्यांचे बांध आता जुने झाले आहेत, आणि त्यांच्या सुरक्षिततेविषयीची पत्रके वाचून धास्तीच वाढते, असे आपल्या मंडळाच्या चिटणीसांनी कळविले. म्हणून खानदेशात पाटबंधारे खात्याच्या चाकरीत आयुष्य घालविलेला मी आपल्यापुढे उभा आहे. पांझरेवरचे फडांचे बंधारे, हरताळ्याचा तलाव, धुळ्याचे नकाणे आणि डेडरगाव ही नावे ऐकत वाढलेल्या मंडळींना धरण म्हणजे काय, हे सांगण्याचे प्रयोजन नाही.

मला मनस्वी आनंद झाला तो आपल्या इथल्या राष्ट्रीय धरणसूचीची रीत पाहून. नव्वद हजारांहून अधिक धरणांच्या त्या दप्तरात धोक्याची प्रत ठरते ती खाली राहणाऱ्या माणसांवरून. बांध फुटल्यास मनुष्यहानी संभवत असेल, तर तो कितीही धडधाकट असला तरी उच्च धोक्याचा. बांधाच्या प्रकृतीचा रकाना निराळा असतो. दोन्ही रकाने एकत्र वाचावेत, म्हणजे निष्कारण भीतीही राहत नाही आणि निष्काळजीपणाही.

आमच्याकडे भारतात २०२१ साली धरण सुरक्षा कायदा झाला, ही मोठी गोष्ट. तथापि त्याच्या कक्षेत १५ मीटरांहून उंच, अथवा १० ते १५ मीटर उंचीची आणि लांबी, साठा इत्यादी अटींपैकी एखादी पुरी करणारी धरणेच येतात. उंची त्याहून कमी, पण पायथ्याशी वस्ती येऊन भिडलेली, असे जुने तलाव त्या मोजपट्टीतून निसटतात, याची मला फार खंत वाटते.

(येथे एका भगिनींनी जळगावच्या मेहरूणच्या बोरांची चौकशी केली.) बोरे अजून मिळतात, बाई, परंतु शहर वाढले तशी झाडे कमी झाली. वस्ती अशीच सरकत येते, आणि तलाव बांधणाऱ्याच्या हिशेबात ती कधीच नसते.

(दुसरा प्रश्न तिवऱ्याच्या खेकड्यांचा आला.) २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातले ते धरण फुटले, तेव्हा खेकड्यांना दोष दिला गेला. खेकडे, उंदीर, झाडांची मुळे मातीच्या भरावात वाट करतात हे खरेच. म्हणून तर भराव दरवर्षी तपासावयाचा असतो. पाझराचे पाणी निवळ असेल तर ते मोजीत राहावे. गढूळ झाले, की भरावाची माती वाहू लागली असे समजून खालच्या लोकांना तत्काळ हलवावे.

पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउनचे उदाहरण तर तुमच्याच दाराशी आहे. साउथ फोर्कचे मातीचे धरण एका धनिक क्लबाने विहारासाठी घेतले. गाड्यांना वाट हवी म्हणून माथा उतरविला, मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविल्या, आणि पूर्वीच काढून टाकलेले पाणी सोडण्याचे नळ पुन्हा घातलेच नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत धरण फुटले आणि २,२०९ माणसे मेली. तळ्याचा उपभोग वर, मरण खाली, आणि खालच्यांना त्या बदलांत काडीचा अधिकार नव्हता.

म्हणून माझी विनंती एवढीच, की आपल्या तळ्याची सूचीतील नोंद काढून पाहा, सांडव्यात अडकलेला ओंडका दिसला तर त्याच दिवशी काढवा, आणि आपत्तीच्या वेळी कोणी कोणाला निरोप द्यावयाचा, तो कागद खालच्या घरांपर्यंत पोहोचवा. गावाकडून तलावाच्या सुशोभीकरणासाठी वर्गणी मागितली गेली, तर ती जरूर द्या. मात्र देण्यापूर्वी बांधाच्या तपासणीची नोंदवही दाखवा, असे लिहून कळवा.