थेंबाला न शिवता थेंबाचे मोजमाप



कोलकात्याच्या श्यामबाजारातून निघणारा रस्ता हुगळी नदीला समांतर बराकपूरपर्यंत जातो. या वर्दळीच्या मार्गावर एखादी जुनी मालमोटार काळा धूर सोडत जाते, तेव्हा तो धूर कडेच्या वस्तीला सोसावा लागतो. त्याचे एक मूळ इंजिनातील डिझेलच्या फवाऱ्यात असते. थेंब मोठे राहिले, तर त्यांची वाफ होऊन हवेत मिसळण्यास अवधी पुरत नाही. इंधन अर्धवट जळते आणि काजळी उरते. १ मिलिमीटर व्यासाच्या थेंबाचे १० मायक्रॉनचे थेंब केले, तर ते १० लाख होतात आणि एकूण पृष्ठभाग १०० पट वाढतो. म्हणून थेंबाचा आकार जाणणे अगत्याचे.

परंतु हे थेंब क्षणार्धात विरतात. पकडू जावे तर पसरतात. अशा वेळी प्रकाश उपयोगी पडतो. पातळ ढगाआडच्या चंद्राला लगटून लहान रंगीत कडे दिसते, ते पाण्याच्या थेंबांमुळे. थेंब जितका बारीक, तितके कडे मोठे. प्रयोगशाळेत चंद्राच्या जागी लेसरचा झोत आणि ढगाच्या जागी इंधनाचा फवारा असतो. तांबड्या लेसरने २० मायक्रॉनच्या थेंबाभोवतीचे पहिले काळे वलय सुमारे २.२ अंशांवर पडते, १० मायक्रॉनच्या थेंबाचे ४.४ अंशांवर. कोणत्या कोनात किती प्रकाश पोहोचला, यावरून फवाऱ्यातील लहानमोठ्या थेंबांचे प्रमाण काढता येते.

या पद्धतीलाही मर्यादा आहे. नोझलच्या तोंडाशी थेंबांची दाटी असते. एकच किरण अनेकदा विखुरतो आणि थेंब प्रत्यक्षाहून बारीक भासतात. ही त्रुटी लक्षात घेतली नाही, तर सदोष नोझलही चांगली ठरेल आणि धूर तसाच राहील.

विखुरलेल्या प्रकाशावरून पदार्थाचे अंतरंग ओळखण्याची परंपरा कोलकात्याला नवी नाही. तेथील बहूबाजारातील संस्थेत चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी आपला परिणाम पाहिला, तो द्रवांच्या रेणूंकडून विखुरलेल्या प्रकाशात. १९३० मध्ये त्यासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थ्यांनी घरी काचेवर हळूच फुंकर घालावी आणि तिच्यातून दूरचा दिवा पाहावा. दिव्याभोवती उमटणारे कडे पाहून मुले प्रश्न विचारतील. पालकांनी त्या प्रश्नांना वेळ द्यावा, एवढीच विनंती.