विस्तारसेवकांचे वार्षिक संमेलन आणि निपाणीचे शेत

निपाणीहून पुणे-बंगळूर हमरस्त्याने उत्तरेकडे निघाले, की कोगनोळीपाशी कर्नाटक राज्याची हद्द संपते आणि कागल तालुका लागतो. ही हद्द रस्त्यावरच्या पाटीवर दिसते. शेतात मात्र दिसत नाही. अलीकडची काळी जमीन तीच पलीकडे आहे, वेदगंगेचे आणि दूधगंगेचे पाणी दोहींकडे खेळते आणि मृगाची वाट दोन्ही बाजूंचे शेतकरी सारख्याच डोळ्यांनी पाहतात. निपाणीच्या मुलांसाठी १९६१ साली निघालेले देवचंद महाविद्यालय गावाला अगदी लागून उभे आहे; तथापि त्याचे अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. गाव एका राज्यात आणि गावाचे महाविद्यालय दुसऱ्या राज्यात, हा निपाणीच्या नित्याच्या व्यवहाराचा भाग होऊन बसला आहे.

अशा या टापूत विद्यापीठाचे ज्ञान शेताच्या बांधापर्यंत कसे पोहोचते, आणि ते पोहोचविणारी माणसे वर्षातून एकदा जेथे एकत्र बसतात त्या संमेलनात या शेताचे नाव कितीसे निघते, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

विद्यापीठाने आपल्या चार भिंतींबाहेर पडावे, ही कल्पना तशी जुनी नाही. इंग्लंडात १८६७ साली लीड्स, मँचेस्टर इत्यादी शहरांतील स्त्रियांच्या मंडळांनी केंब्रिजच्या जेम्स स्टुअर्ट या तरुण अध्यापकाला व्याख्यानांसाठी बोलावले. पुढे कामगारांनी तशीच मागणी केली, आणि १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने हे कार्य अधिकृतपणे आपलेसे केले. त्यालाच पुढे ‘विस्तार’ असे नाव रूढ झाले. येथे ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की विस्ताराचा आरंभ विद्यापीठाच्या औदार्यातून झाला नाही. ज्यांना विद्यापीठाचे दार बंद होते त्यांनी ते ठोठावले, म्हणून झाला. अमेरिकेत १९१४ साली स्मिथ आणि लिव्हर यांच्या नावाचा कायदा होऊन शेतकी महाविद्यालयांच्या विस्तारकार्याला सरकारी खजिन्यातून नियमित साहाय्य मिळू लागले, आणि शेतीचा सल्लागार हा तेथील खेड्याच्या ओळखीचा माणूस झाला.

भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली. सायकलवरून गावोगाव हिंडणारा ग्रामसेवक लोकांनी पाहिला तो याच काळात. १९५६ साली मुंबई राज्याच्या पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ शेतकरी मंडळांचा प्रयोग झाला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि पटेल ते करून पाहावे, अशी त्याची रीत होती. त्या प्रयोगात शेतकऱ्यांचे प्रश्न नभोवाणी केंद्राकडे परत जात, ही त्यातली खरी मोलाची गोष्ट. बोलणारा एकीकडे आणि ऐकणारा दुसरीकडे, ही स्थिती थोडीबहुत तरी त्यामुळे बदलली.

निपाणीच्या वरच्या अंगाला, वेदगंगेच्याच काठी, गारगोटी आहे. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी तेथे मौनी विद्यापीठ उभारले. ग्रामीण उच्च शिक्षणाच्या ज्या संस्था १९५६ नंतर देशात निघाल्या, त्यांत या संस्थेचा समावेश होता. आणि अध्यापनाच्या जोडीने परिसरातील खेड्यांत विस्तारकार्य करणे हे त्या संस्थांचे कर्तव्यच मानलेले होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने विस्तार हे अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीचे तिसरे अंग म्हणून मान्य केले ते १९७७ साली. गारगोटीच्या माळावर तो विचार त्याच्या किती तरी आधी रुजू घातला होता.

आजचे कृषिविस्ताराचे काम मुख्यत्वे कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांच्याकडे आहे. पहिले कृषी विज्ञान केंद्र १९७४ साली पुदुच्चेरी येथे निघाले; आता देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. या केंद्रांचे विभागवार वार्षिक संमेलन भरते. त्याला बाहेरचा मनुष्य क्वचितच जातो, म्हणून त्याचे स्वरूप थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक केंद्राचा प्रमुख आपल्या वर्षभराच्या कामाचा हिशेब सहकाऱ्यांपुढे आणि वरिष्ठ शास्त्रज्ञांपुढे मांडतो. शेतकऱ्याच्या शेतावर कोणत्या चाचण्या घेतल्या, किती प्रात्यक्षिके झाली, नव्या पद्धतीच्या आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या पद्धतीच्या उत्पन्नात किती फरक पडला, किती प्रशिक्षणवर्ग भरले, हे सारे तेथे वाचले जाते. त्यावर प्रश्न विचारले जातात, चुका दाखविल्या जातात आणि पुढील वर्षाचा आराखडा मुक्रर होतो. विस्ताराच्या कामात एकाकीपणा फार असतो. पाऊस दगा देतो, प्रात्यक्षिक फसते, गावात हसे होते. अशा वेळी आपल्यासारखेच काम करणाऱ्या माणसांत बसून अपयशाचे कारण शोधता येणे, हा मोठाच आधार होय. म्हणून असे संमेलन म्हणजे केवळ भत्त्याचा प्रवास आहे, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

परंतु निपाणीच्या शेतातून पाहिले म्हणजे या व्यवस्थेतील एक उणीव स्पष्ट दिसते. कृषी विज्ञान केंद्रांच्या कामासाठी देशाचे अकरा विभाग पाडलेले आहेत. कर्नाटकातील केंद्रे केरळ व लक्षद्वीप यांच्यासह बंगळूरच्या विभागात येतात. महाराष्ट्रातील केंद्रे गुजरात आणि गोवा यांच्यासह पुण्याच्या विभागात. परिणामी बेळगाव जिल्ह्याचे विस्तारसेवक आपल्या कामाचा हिशेब केरळच्या नारळ-मिरीवाल्या सहकाऱ्यांबरोबर मांडतात, आणि कोल्हापूर जिल्ह्याचे विस्तारसेवक गुजरातच्या सहकाऱ्यांबरोबर. वेदगंगेच्या दोन्ही अंगांना एकच पीक घेणाऱ्या शेतकऱ्यांचे सल्लागार मात्र त्या संमेलनात एकमेकांच्या शेजारी बसत नाहीत. विद्यापीठांचेही तसेच. निपाणी धारवाडच्या कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात. कागल राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात. महाराष्ट्राची चार कृषी विद्यापीठे दरवर्षी संयुक्त बैठक भरवून नव्या जाती, अवजारे आणि शिफारशी मंजूर करतात. त्या शिफारशी महाराष्ट्रापुरत्या. धारवाडच्या शिफारशी कर्नाटकापुरत्या.

याचा अर्थ काय होतो, हे सोयाबीनच्या तांबेरा रोगावरून चांगले समजते. कृष्णा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या खोऱ्यांत पावसाळ्याची हवा दमट, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पीक फुलाशेंगांवर आलेले. हे तांबेऱ्याला अत्यंत मानवते. पानांच्या खालच्या बाजूला तांबूस पूड धरते, पाने अकाली झडतात आणि दाणा भरतच नाही. जे. एस. ३३५ ही शेतकऱ्यांच्या आवडीची जात या रोगापुढे टिकाव धरीना. तेव्हा धारवाडच्या शास्त्रज्ञांनी बेळगाव जिल्ह्यातील उगार खुर्द येथे, जेथे हा रोग हमखास उग्र रूप धरतो, नव्या वाणांची परीक्षा घेतली. आणि त्यांच्या प्रयत्नांतून डी. एस. बी. २१ ही रोगाला दाद न देणारी जात पुढे आली. सांगली जिल्ह्यातील कसबे डिग्रज येथील संशोधन केंद्रात राहुरी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी त्याच प्रश्नाशी झुंज देऊन ‘फुले अग्रणी’ आणि ‘फुले संगम’ या जाती दिल्या. उगार आणि डिग्रज ही दोन्ही गावे कृष्णाकाठची. रोग एक, खोरे एक, उत्तरे मात्र दोन, आणि दोन्ही चांगली.

तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्यावर येतात. त्यांना हद्दीची पाटी वाचता येत नाही. सोयाबीनवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ अखिल भारतीय समन्वित प्रकल्पाच्या वार्षिक बैठकीत एकत्र बसतात. तेथे धारवाड आणि डिग्रज एकमेकांचे आकडे पाहतात. म्हणजे ज्ञान निर्माण करणाऱ्यांची पंगत एक आहे. ज्ञान पोहोचविणाऱ्यांची पंगत मात्र राज्यागणिक वेगळी मांडलेली आहे. निपाणीच्या शेतकऱ्याने या दोहोंतील कोणती जात पेरावी, दोहींची तुलना त्याच्याच मातीत कोणी करून दाखवावी, याचे उत्तर कोणत्याही एका संमेलनाच्या कक्षेत बसत नाही. तो मग बियाण्याच्या दुकानात विचारतो, किंवा कागलच्या पाहुण्याला.

दुसरी गोष्ट भाषेची. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन चंदगड तालुका वगळता बेळगाव जिल्हा त्यावेळच्या म्हैसूर राज्यात गेला. सीमेचा वाद २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. त्याचा निवाडा हा न्यायालयाचा विषय होय. पण शेताला निवाड्यापर्यंत थांबता येत नाही. धारवाडची शिफारस कन्नडमध्ये निघते, हे स्वाभाविकच आहे. राहुरीची ‘कृषिदर्शनी’ मराठीत निघते, तीत मात्र निपाणीच्या शेताचा विचार केलेला नसतो. औषधाचे प्रमाण, फवारणीची वेळ, बियाण्याला चोळावयाच्या जिवाणूखताची रीत या गोष्टी अंदाजाने वाचण्याच्या नव्हेत. जो सल्ला त्याच्या शेताचा आहे तो परक्या लिपीत, आणि जो त्याच्या लिपीत आहे तो परक्या शेताचा, अशा कोंडीत या भागातील मराठीभाषक शेतकरी सापडतो. यात कोणत्याही भाषेचा अधिक्षेप नाही. हद्दीच्या पलीकडे जो कन्नडभाषक शेतकरी राहतो, त्याचीही अडचण याच जातीची आहे.

तिसरी गोष्ट याहून गंभीर. निपाणीचे नाव तंबाखूमुळे झाले. विडीच्या तंबाखूवर संशोधन करणारे केंद्र निपाणीत आहे. तंबाखूचे उत्पन्न कसे वाढवावे, शेंडा केव्हा खुडावा, फुटवे केव्हा काढावेत, याची उत्तरे शास्त्राजवळ होती. पण १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो तंबाखू उत्पादक हमरस्त्यावर येऊन बसले, तेव्हा त्यांचा प्रश्न उत्पन्नाचा नव्हता, भावाचा होता. ६ एप्रिलच्या गोळीबारात शेतकऱ्यांचे प्राण गेले. केंद्र सरकारने तंबाखू मंडळ स्थापले होते. पण त्याच्या खरेदी-विक्रीच्या व्यवस्थेचा लाभ मुख्यतः आंध्र व कर्नाटकातील व्हर्जिनिया तंबाखूला होता, विडीच्या तंबाखूला नव्हे. विस्तारसेवक जे उत्तर घेऊन शेतावर जात होता ते शेतकऱ्याच्या प्रश्नाचे नव्हतेच, ही गोष्ट त्या वसंतात उघडी पडली.

वखारींतील स्त्रियांची कथाही अशीच. तंबाखू कुटणे, चाळणे, भरणे ही कामे करणाऱ्या निपाणीच्या स्त्रियांनी प्रा. सुभाष जोशी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या साहाय्याने संघटना उभी केली. त्यांच्या लढ्यावर १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ओब आली’ हा माहितीपट निघाला, आणि छाया दातार यांनी त्याविषयी पुस्तक लिहिले. तंबाखूच्या धंद्यात सर्वांत अधिक कष्ट ज्यांचे, सर्वांत अधिक धूळ ज्यांच्या छातीत, त्या स्त्रिया मात्र शेतकऱ्यांच्या मेळाव्यांच्या पटावर क्वचितच आल्या असतील. कारण जमीन त्यांच्या नावावर नव्हती.

पुढे काळ पालटला. भारताने २००४ साली जागतिक तंबाखू नियंत्रण करारास संमती दिली. तंबाखूवर पोट असणाऱ्यांना पर्यायी उपजीविका मिळावी, हे त्या कराराचेच एक कलम आहे. २०१५-१६ पासून केंद्राच्या पीक-विविधीकरण योजनेत तंबाखूची राज्ये घेण्यात आली. निपाणीच्या रानात ऊस आणि सोयाबीन वाढले. पण तंबाखूऐवजी काय, हा प्रश्न केवळ बियाण्याचा नाही. तंबाखू ज्या कोरडवाहू रानात येत असे तेथे उसाला पाणी नाही. आणि वखारीतील स्त्रीला सोयाबीनच्या मळणीयंत्रापाशी काम नाही. हे प्रश्न ज्याच्या कानी रोज पडतात तो विस्तारसेवकच. तो ते संमेलनात मांडू शकला नाही, तर दुसरे कोण मांडणार?

याला उपाय अगदीच दुर्घट आहेत असे नाही. विभागांची रचना न बदलताही सीमेलगतच्या जिल्ह्यांतील विस्तारसेवकांची वर्षातून एक संयुक्त बैठक धारवाड आणि राहुरी यांना आळीपाळीने भरविता येईल, आणि निपाणीसारखे दुसरे सोयीचे गाव त्यासाठी सापडणे कठीण. एकाच शिवारात डी. एस. बी. २१ आणि फुले संगम शेजारी शेजारी पेरून दोन्ही राज्यांच्या शेतकऱ्यांना दाखविता येतील. ज्या शिफारशी दोन्हीकडे समान आहेत त्या मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत, एकाच कागदाच्या दोन अंगांवर छापता येतील. आणि वार्षिक अहवालात प्रात्यक्षिकांच्या संख्येशेजारी आणखी एक रकाना घालता येईल: गतवर्षी शेतकऱ्यांनी, आणि शेतात व वखारीत राबणाऱ्या स्त्रियांनी, कोणते प्रश्न विचारले, आणि त्यांतील कोणते अनुत्तरित राहिले. हा रकाना भरणे सोपे नाही. पण तो भरला गेला तर संमेलनाची चर्चा आपोआप शेताकडे वळेल.

सत्तर वर्षांमागे गावच्या चावडीत रेडिओभोवती जमलेल्या मंडळींचे प्रश्न परत केंद्राकडे जात, तेव्हाच तो प्रयोग जिवंत राहिला. विस्तार या शब्दाचा अर्थ पसरविणे असा घेतला जातो. परंतु जे जाते तेवढेच परत येते, तेव्हा त्या कामाला पूर्णता येते. वेदगंगेच्या काठचा शेतकरी आपले सोयाबीन यंदाही पेरील आणि श्रावणात पान उलटून खाली तांबूस पूड धरली आहे की काय ते पाहील. ती दिसली, तर त्याने कोणाला विचारावे आणि कोणत्या भाषेत, एवढे जरी पुढील संमेलनात ठरले, तरी ते संमेलन त्याच्या दृष्टीने सफल झाले असे म्हणता येईल.