परसबागेतील बीट केव्हा काढावे?



जामनेर भागात कापसाची वेचणी किंवा केळीची काढणी कोणाला शिकवावी लागत नाही. परसातल्या बिटाचे मात्र हमखास चुकते. ‘अजून पोसू द्या’ म्हणत कंद जमिनीत राहतो आणि पुढे शिजवूनही दोरे लागतात.

कांद्याची मान पडली की तो तयार झाल्याचे कळते. बिटाचे तसे नाही. पाला हिरवाच राहतो. म्हणून बी टोकल्याची तारीख लिहून ठेवा. डेट्रॉईट डार्क रेड, क्रिमसन ग्लोब या जाती साधारण ६० ते ७० दिवसांत काढणीस येतात. त्या सुमारास कंदाच्या माथ्याजवळची माती बोटाने बाजूला करा. कंद ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा, म्हणजे लिंबापेक्षा मोठा नि मोसंबीपेक्षा लहान दिसला की काढा. मोठे आधी काढा. बाकीच्यांना पोसायला जागा मिळते.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोकलेले बीट फेब्रुवारी सरण्याआधी संपवा. आपल्याकडे ऊन लवकर तापते. उष्णतेने कंदात पांढरट वलये पडतात.

आदल्या दिवशी हलके पाणी द्या. पाला तीन-चार सेंटिमीटर देठ ठेवून पिळून तोडा, खालची शेपटी कापू नका. नाहीतर शिजताना रंग पाण्यात उतरतो. कोवळ्या पाल्याची भाजी करावी, टाकू नये.