माझगाव-भायखळ्याच्या वस्त्यांतून



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी आपल्याच वस्तीविषयी चार शब्द बोलावे, अशी आज्ञा आम्हांस झाली आहे. वास्तविक आम्ही येथले नव्हे. आम्ही सातारा जिल्ह्यातील, माण तालुक्यातील, म्हसवडचे. माणगंगा नदी जवळून जाते, श्रीसिद्धनाथाचे मोठे देवस्थान आहे, रथाची यात्रा भरते. नाही ते फक्त पाणी. १९७२ च्या दुष्काळात आमचे तीर्थरूप एक घोंगडे, एक वळकटी व गावातील एकाची चिठ्ठी घेऊन मुंबईस उतरले. तेव्हापासून या भागाचे अन्न आमच्या घरी शिजत आले आहे. तेवढ्याच अधिकाराने आम्ही बोलतो.

तीर्थरूपांनी प्रथम पाठ टेकली ती गावकऱ्यांच्या खोलीत. खोली एक, माणसे वीस. दिवसपाळीचे उठले की रातपाळीचे त्याच जागी आडवे होत. प्रत्येकाची एक पत्र्याची पेटी, भिंतीवर सिद्धनाथाची तसबीर, आणि दरमहा ठरलेली वर्गणी. गावाहून नवा पोरगा आला तर त्यास काम लागेपर्यंत कोणी वर्गणी मागत नसे. ही पद्धत आम्हा घाटावरच्या लोकांचीच असे आम्हांस पुष्कळ वर्षे वाटत होते. पुढे एका गोवेकर मित्राने माझगावातील आपल्या गावची कूड दाखविली आणि आमचा अभिमान उतरला! तीच पत्र्याच्या पेट्यांची रांग, तीच अल्प वर्गणी. तसबिरीच्या ठिकाणी गावच्या संताची वेदी, एवढाच भेद. तेथे बोटीवरचे खलाशी, आचारी, वाजंत्री उतरत. आमच्या खोलीत साचेखात्यातील बदलीवाले. मुंबई शहराने बांधली असे म्हणतात, परंतु हा भाग तरी खेड्यांनी आपापली एकेक खोली आणून बांधिला आहे.

भायखळा स्थानकापासून पायी निघावे, म्हणजे याची प्रचीती येते. पश्चिमेस बगदादहून आलेल्या डेव्हिड ससून यांनी उभारलेले मागेन डेव्हिड हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे. यहुदी कुटुंबे बहुतेक परदेशी गेली. शेजारच्या ससूनांच्या शाळेत आज मुख्यत्वे मुसलमान मुले शिकतात. पलीकडे मदनपुऱ्यात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या मोमीन विणकरांनी माग मांडले. कामाठीपुऱ्याचे नाव तेलुगू मुलखातून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडले. चौकात पुलांच्या बेचक्यात सापडलेला खडा पारशी आहेच. पूर्वेस ग्लोरिया ख्रिस्तमंदिर. त्याची परंपरा १६३२ पर्यंत मागे जाते, आणि सांप्रतची वास्तू १९१३ ची आहे. त्याविषयी आपणांस आम्ही काय सांगावे?

परंतु म्हातारपाखाडीविषयी थोडे थांबून बोलू. माझगावातील या ईस्ट इंडियन पाड्यात लाकडी सज्जांची बैठी घरे, अरुंद गल्ली आणि कोपऱ्यावरचा क्रूस अद्याप आहेत. येथेच १८६४ साली जोसेफ बाप्टिस्टा जन्मले. लोकमान्यांचे स्नेही, १९१६ साली स्थापन झालेल्या होमरूल लीगचे अध्यक्ष, १९२५ साली मुंबईचे महापौर. आणि आम्हांस विशेष अगत्याची गोष्ट ही की, १९२० साली कामगारांची अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन करणाऱ्यांत ते होते. गिरणीतल्या माणसांस ते 'काका' वाटत. भंडारवाड्याच्या टेकडीवरील उद्यानास त्यांचे नाव आहे. आमच्या तालुक्यातील किती तरुण तेथे हवा खाऊन आले आणि नाव कोणाचे हे न विचारता परतले!

अलीकडे या भागाचा जीर्णोद्धार चालला आहे. राणीच्या बागेतील १८७२ साली खुले झालेले वस्तुसंग्रहालय, जे आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते, ते २००८ साली नवे रूप घेऊन पुन्हा उघडले. भायखळा स्थानकाची १८५७ ची इमारत पूर्ववत केल्याबद्दल २०२२ साली युनेस्कोचे पारितोषिक मिळाले. ही कामे उत्तम झाली आहेत. दगड स्वच्छ झाला म्हणून कोणाचे काही बिघडत नाही.

गिरण्यांच्या जमिनींचे मात्र तसे नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवास पहिल्या गिरणीचा पाया घातला, तेथून पुढे सव्वाशे वर्षे आमच्यासारख्यांची गावे या भोंग्यांवर उठली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले, आणि बहुतेक जण पुन्हा आत गेलेच नाहीत. तीर्थरूप त्यांतले. १९९१ चा नियम असा होता की, गिरणीची जमीन विकसित करावयाची तर एक तृतीयांश शहराच्या मोकळ्या जागेस, एक तृतीयांश सार्वजनिक घरांस आणि उरलेली मालकास. २००१ च्या दुरुस्तीने बांधकामाखालची जमीन या वाटणीतून वगळली. वाटावयास उरली ती तुटपुंजी मोकळी जागा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली. आज लोअर परळास काचेचे मनोरे आहेत, चिमणी कोठे कोठे शोभेस ठेविली आहे. कामगारांस घरे सोडतीने मिळतात. अर्जदार लाखाहून अधिक, घरे त्या मानाने थोडी. तीर्थरूप वारले, त्यांच्या अर्जाची पावती त्यांच्याच पत्र्याच्या पेटीत आहे. उलट, वरळीच्या बी. डी. डी. चाळीत २०२५ साली पहिल्या रहिवाशांस १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी ५०० चौरस फुटांच्या घराची किल्ली मिळाली, हेही सांगितलेच पाहिजे. होत नाही असे नाही. मनात आणावे लागते.

खानावळवाल्या बायांचा विसर पडू नये. संसार गावी ठेवून आलेल्या गड्यांस त्यांनी जेवू घातले, सावकारी व्याजात त्या बुडाल्या; १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांस बँकेच्या दारात नेले. आमच्या म्हसवडास १९९७ साली चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने स्त्रियांची माणदेशी बँक निघाली, तेव्हा हीच गोष्ट घाट चढून आली असे आम्हांस वाटले.

परवा म्हसवडचा एक पोरगा नोकरीच्या मुलाखतीस आला. आमच्या घरी दुखणे असल्यामुळे त्यास ठेवून घेता येईना. गावकऱ्यांची खोली कोठे आहे, असे त्याने विचारले. ती चाळ पाडून तेथे वाहने उभी करण्याचा मजला झाला आहे. शेवटी त्या गोवेकर मित्रास सांगितले. कूड गावच्यांसाठी असते, परक्यास सहसा घेत नाहीत. परंतु तेथील वडीलधाऱ्यांनी आमच्याकडे पाहिले, पोराच्या वळकटीकडे पाहिले, आणि चार रात्रींपुरती खिडकीजवळची जागा दिली. पोराने वेदीस नमस्कार केला आणि वर्गणी किती, असे विचारले. काम लागल्यावर बघू, असे ते म्हणाले.