वार्ता आणि सूचना

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



शाळेतून घरी जाणारा कागद दोन प्रकारचा असतो : सूचनेचा आणि वार्तेचा. शुल्क अमुक तारखेपर्यंत भरावे, गणवेश पूर्ण असावा, पाल्याच्या प्रगतीविषयी येऊन भेटावे, ही सूचना. चौथीच्या मुलांनी या आठवड्यात काय वाचले, प्रयोगशाळेत काय फसले आणि पुन्हा करून पाहिल्यावर काय साधले, पुढील आठवड्यात कशाची तयारी आहे, ही वार्ता. बहुतेक मराठी शाळांतून सूचना नियमाने जातात. वार्ता मात्र वार्षिक स्नेहसंमेलनातील अहवालवाचनापर्यंत थांबून राहते. त्यामुळे शाळेचा कागद हाती पडला की पालकाच्या मनात प्रथम धास्ती उभी राहते.

आंतरराष्ट्रीय म्हणवणाऱ्या शाळांत चित्र निराळे दिसते. तेथे आठवड्याच्या अखेरीस एक पत्र घरी जाते. झालेल्या गोष्टींचा वृत्तांत आणि येऊ घातलेल्या उपक्रमांची यादी असे त्याचे दोन भाग असतात. ही प्रथा अशा शाळांच्या स्वरूपातूनच उगवली असावी. १९२४ मध्ये जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय शाळा निघाली, ती राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या सेवेत दूरदूरच्या देशांतून आलेल्या कुटुंबांच्या मुलांसाठी. अशा पालकांना त्या गावात ना नातलग, ना जुने शेजारी. शाळेची हालहवाल कानावर घालणारे कोणी नसले, म्हणजे ते काम शाळेलाच लेखणीने करावे लागते.

भिलाईची जडणघडण याहून फार वेगळी नाही. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे आली. रशियन तंत्रज्ञही सहकुटुंब राहिले. या गावात जवळजवळ प्रत्येक जण बाहेरून आलेला. तरीही सेक्टरांच्या वसाहतीत मुले एकत्र शाळेत जात, आया अंगणात भेटत, आणि शाळेची वार्ता पायी चालत घरी पोहोचत असे. आज ती पिढी निवृत्त झाली, मुले पुण्याला, नागपूरला, परदेशी गेली, घरे विखुरली. वार्तेची तोंडी वाट मोडली आणि तिच्या जागी लेखी वाट मात्र तयार झाली नाही. पाल्याला मराठी शाळेत ठेवावे की काढावे, हा आयुष्याला वळण देणारा निर्णय म्हणूनच अनेक घरांत शाळेविषयी पुरेशी माहिती नसताना घेतला जातो. पटसंख्या रोडावण्याची कारणे अनेक आहेत. पण शाळेने स्वतःविषयी बाळगलेले मौन हे त्यांतले एक कारण आहे, आणि ते दूर करणे सर्वस्वी शाळेच्या हाती आहे.

साप्ताहिक पत्र ही परकी उसनवारी आहे, असे मानण्याचे कारण नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक चालवले. ते हस्तलिखित होते. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक काढले. दिवसभर शिकवून झाल्यावर एक शिक्षक मुलांसाठी रोज नवा मजकूर स्वतःच्या हाताने लिहून काढत होता. त्यामागे ना छापखाना होता, ना निधी. मुलाला आपल्या जगाची वार्ता मिळण्याचा हक्क आहे, ही श्रद्धा तेवढी होती.

तसेच ‘आंतरराष्ट्रीय’ हे बिरुद भव्य इमारतीवरच शोभते, हाही भ्रम आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी पाठ्यपुस्तके मातृभाषेत नेली, क्यूआर कोडच्या साहाय्याने त्यांना ध्वनी आणि चित्रांची जोड दिली आणि खेड्यातल्या मुलांचा दूरदेशीच्या मुलांशी संवाद घडवून आणला. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली. जगाशी नाते जोडण्याचा आरंभ त्या शाळेने मुलाच्या घरच्या भाषेपासून केला.

भिलाईत घरच्या भाषेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. लिपी एकच असल्याने हिंदीत वाढलेल्या पालकाला मराठी मजकूर वाचता येतो, परंतु अर्थ निसटतो. ‘शिक्षा’ म्हणजे हिंदीत शिक्षण, मराठीत दंड. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. शाळेच्या पत्रातील एक शब्द असा उलटा वाचला गेला, तर पालकाचा केवढा गैरसमज व्हावा! साप्ताहिक पत्रात दर खेपेस अशा एका शब्दाची उकल दिली, तर वर्षाकाठी तीस-चाळीस शब्द घरात रुजतील. कित्येक घरांत आठवड्याला येणारे मराठीचे पान बहुधा तेवढे एकच असेल, आणि नातवंडाने ते आजीला मोठ्याने वाचून दाखवणे हा मराठीचा एक तासच होय.

आगामी उपक्रमांच्या रकान्याचे मोल पोलाद कारखान्याच्या गावात निराळे सांगायला नको. पहिली, दुसरी आणि रात्रपाळी यांत विभागलेल्या घराला कार्यक्रमाची तारीख आदल्या संध्याकाळी कळून उपयोग नसतो. पाळी बदलून घेण्यास अवधी लागतो. दहा दिवस आधी कळले, तर जे वडील एरवी येऊ शकत नाहीत ते येतात. हाच रकाना दोन संस्कृतींची भेटही घडवू शकतो. मराठी घरातला पोळा आणि छत्तीसगढी घरातला पोरा एकाच दिवशी येतो. मराठी पंचांग तिला श्रावण अमावास्या म्हणते, येथील पंचांग भाद्रपद अमावास्या. मातीचे बैल मात्र दोन्ही अंगणांत तेच. १ नोव्हेंबरचा छत्तीसगढ राज्य स्थापना दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन हे एकाच पत्राच्या यादीत शेजारी दिसले, म्हणजे कोणत्या मातीत कोणती भाषा जपायची आहे, हे मुलांना वेगळे सांगावे लागत नाही.

यासाठी खर्च फार नाही. एक पान, दोन रकाने. मजकूर आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी लिहावा, भाषाशिक्षकांनी तपासावा. वर्षभरात प्रत्येक मुलाचे नाव एकदा तरी चांगल्या निमित्ताने त्यात यावे. पहिल्या पाच क्रमांकांचीच नावे आली, तर बाकीच्या घरांसाठी ते पत्र पुन्हा सूचनाच ठरते. फसलेला प्रयोगही लिहावा, कारण केवळ यशाची यादी कोणी फार दिवस खरी मानत नाही. पत्र भ्रमणध्वनीवर जावे, पण कागदावरही जावे. ज्यांनी ही शाळा उभी केली, त्या आजी-आजोबांच्या हाती कागदच शोभतो.

माजी विद्यार्थ्यांनी हे पत्र मागून घ्यावे, वाचावे, आणि जमल्यास दोन ओळींचे उत्तर धाडावे. पालकांनी ते मुलाकडून वाचून घ्यावे. शाळेने मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे : कोणताही आठवडा कोरा जाऊ नये. लिहिण्याजोगे काही घडले नाही असे ज्या आठवड्यात वाटेल, त्या आठवड्यात कोणत्याही वर्गाच्या दाराशी क्षणभर उभे राहावे; वार्ता तेथे मिळेल.