गुणांची पारख
(हुपरी येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. ज्यांचे गुण गुणपत्रिकेत उतरले, त्यांचे अभिनंदन आपण केलेच. परंतु ज्यांना आपणच कसला तरी शिक्का मारून बाजूस बसविले, त्यांच्या गुणांची पारख कोणी करावयाची?

कोल्हापूर दरबारच्या पागेत गंगाराम कांबळे नावाचे सेवक होते. पाण्याच्या हौदास शिवल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. राजर्षी शाहू महाराजांनी मारणाऱ्यांस शासन केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. गंगारामांना त्यांनी चहाचे दुकान काढून दिले. अस्पृश्याच्या हातचा चहा घेण्यास लोक धजेनात, तेव्हा महाराज तेथे गाडी थांबवून स्वतः चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावीत. गंगारामांना दया नको होती, गिऱ्हाईक हवे होते, हे त्यांनी जाणले. पुढे मार्च 1920 मध्ये, आज आपल्याच तालुक्यात असलेल्या माणगावी, भर परिषदेत महाराजांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नेतृत्व गौरविले. गुण ओळखावा आणि चारचौघांत त्याची कदर करावी, हीच त्यांची रीत.

मी मात्र या कसोटीस उतरलो नाही. अंगावर कोड असलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. कोड स्पर्शाने पसरत नाही, हे मीच मुलांना शिकवीत असे. तरीही शेजारी कोणी बसेना, म्हणून तिला एकटीला मागच्या बाकावर बसविले तेही मीच. पाटीवर ती पैंजणाची अशी नक्षी काढी की, कसबी कारागिराने पाहत राहावे. सातवीनंतर तिची शाळा सुटली. "बाळ, तुला पुढे काय करावेसे वाटते?" एवढे विचारण्याचेही मला कधी सुचले नाही. ही खंत आज आपणांपुढे कबूल करतो.

बंधुभगिनींनो, आपल्या हुपरीचे पैंजण एकट्याच्या हातून घडत नाही. चांदी आटविणारा वेगळा, तार ओढणारा वेगळा, कड्या जोडणाऱ्या माउल्या वेगळ्या. मग कोड असलेल्या, अडखळत बोलणाऱ्या, पतीने टाकलेल्या आपल्याच लेकीबाळींना या साखळीत जागा का नसावी? पुढील वर्षी सत्काराची यादी करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने अशा एकाला तरी त्याची इच्छा विचारावी, त्याच्या हाताला काम द्यावे आणि त्या कामाचे पुरते दाम मोजावे.