कॅन्सर, पाच वर्षांचा आकडा आणि आपण

(विहाराच्या वर्धापन दिनी महिला मंडळाच्या कार्यक्रमात एका निवृत्त शिक्षिकेने केलेले भाषण)



मंडळाच्या ताई मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही कॅन्सरमधून उठलात, तुमचा अनुभव सांगा." अनुभव सांगतेच. पण मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे, तेव्हा थोडा गणिताचा तासही होणार. कंटाळू नका. हे गणित जिवाचं आहे.

2011 साली मला स्तनाचा कॅन्सर झाला. आपण बायका हा शब्द हळू आवाजात उच्चारतो, म्हणून मी मुद्दाम मोठ्याने सांगते. रिपोर्ट आला त्या दिवसापासून घरात सगळे माझ्याशी फारच गोड बोलू लागले. मला कोणी काही सांगेना. मुलगा जिन्यात जाऊन रडायचा आणि तोंड धुऊन वर यायचा. एक दिवस धुणं भिजवताना त्याच्या खिशात एक चिठ्ठी सापडली. त्याने कॉम्प्युटरवर पाहून लिहून घेतलं होतं : पाच वर्षं, इतके टक्के.

तो आकडा मी इथे सांगणार नाही. समोर बसलेल्या एखाद्या बाईच्या घरी आज हा आजार असेल, तर ती माझा आकडा पदरात बांधून घरी नेईल. तिचा आजार वेगळा, अवस्था वेगळी, वय वेगळं. माझं माप तिला बसायचं नाही.

त्या रात्री मी झोपले नाही. पाच वर्षं म्हणजे 2016. तोवर मुलगी बारावी होईल, पुढचं तिचं तिने बघावं, असा हिशेब मी करत बसले. गणिताची बाई असून मी साधी चूक करत होते. पाच वर्षं ही मला दिलेली मुदत आहे असं मी समजले. खरं म्हणजे त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की अशा आजाराच्या शंभर जणांपैकी निदानानंतर पाच वर्षांनी किती जण हयात होते. त्यांतले पुढे दहा वर्षं जगले की तीस, हे तो आकडा सांगत नाही. त्या शंभरांत मी कोण, हेही सांगत नाही.

आता एका माणसाची गोष्ट सांगते. स्टीफन जे गूल्ड नावाचे अमेरिकेत मोठे जीवाश्मशास्त्रज्ञ होते. 1982 साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना मेसोथेलिओमा हा दुर्मिळ आणि भयंकर कॅन्सर पोटात झाला. त्यांनी वैद्यकीय ग्रंथालयात जाऊन वाचलं : बरा न होणारा आजार, निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक आठ महिने. कोणीही म्हणेल, आठ महिन्यांत संपणार. पण गूल्ड यांना मध्यक म्हणजे काय ते ठाऊक होतं.

शाळेत मी मुलांना उंचीप्रमाणे ओळीत उभं करायचे. अकरा मुलं असली की सहावा मुलगा मधला. त्याची उंची हा मध्यक. पण शेवटचा मुलगा किती उंच, हे मधल्याला मोजून कळत नाही. तसंच अकरा रुग्णांचं. समजा सहावा आठ महिने जगला. अलीकडचे पाच जण शून्य ते आठ महिन्यांच्या आत कोंबलेले, कारण शून्याच्या खाली कोणी जात नाही. पलीकडच्या पाचांना मात्र मोकळं रान. कोणी वर्ष, कोणी पाच वर्षं, कोणी वीस. गूल्ड यांनी विचार केला : माझं वय कमी, आजार लवकर सापडला, उपचार चांगले मिळतात, म्हणजे मी त्या लांब शेपटीत असण्याची शक्यता बरी आहे. 1985 साली त्यांनी यावर लेख लिहिला. ते 2002 साली वारले, म्हणजे वीस वर्षांनी, आणि तेही दुसऱ्याच कॅन्सरने.

पण भगिनींनो, हे ऐकून "सगळे असेच वाचतात" असं समजू नका. शेपूट आहे हे खरं, पण त्या ओळीत अलीकडचे पाच जणही खरेच आहेत. माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई होती. माझ्यापेक्षा खंबीर. मला केमोनंतर उलट्या व्हायच्या तेव्हा तीच माझ्या पाठीवरून हात फिरवायची. ती गेली. नंतर तिच्या सासरचे म्हणाले, "तिने मनातून हाय खाल्ली." मला फार राग आला. 2007 साली डोके आणि मानेच्या कॅन्सरच्या हजारावर रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मन किती उभारीत आहे यावर आयुष्य किती हे ठरत नाही, असं त्यात दिसलं. हिंमतीने दिवस चांगले जातात, म्हणून हिंमत ठेवावी. पण जो गेला त्याच्या माथी दोष मारू नये.

तर आकडा ऐकला की चार गोष्टी विचारा. पहिली, हा आकडा कोणाचा? कोणत्या कॅन्सरचा, कोणत्या अवस्थेचा? आपल्याकडच्या आकड्यांत उशिरा आलेले आणि पैशांअभावी उपचार अर्धे सोडलेलेही असतात. तुम्ही उपचार पुरे केलेत, तर तुम्ही त्यांच्यातले नाही.

दुसरी, हा आकडा कधीचा? पाच वर्षांचा हिशेब मांडायला रुग्ण किमान पाच वर्षांपूर्वीचे लागतात. मधल्या काळात औषध बदललेलं असू शकतं. रक्ताच्या एका कॅन्सरवर, सीएमएलवर, 2001 साली इमॅटिनिब नावाची गोळी अमेरिकेत मंजूर झाली. त्याआधीचे आकडे त्यानंतरच्या रुग्णांना लागूच राहिले नाहीत.

तिसरी, मी आज कुठे उभी आहे? उदाहरणादाखल, शंभरांपैकी साठ जण पाच वर्षं जगतात आणि तीस जण पहिल्या दोन वर्षांत जातात असं धरा. दोन वर्षं पार केलेले सत्तर उरले, त्यांतले साठ पुढे पाचव्या वर्षापर्यंत जातात. म्हणजे साठ टक्क्यांचे शहाऐंशी झाले. दिवस जातात तसा आकडाही बदलतो, पण हे कोणी सांगत नाही.

चौथी आणि सगळ्यांत महत्त्वाची, रुग्णाला तो आकडा हवा आहे का? त्यालाच विचारा. हवा असेल तर लपवू नका, नको असेल तर लादू नका. माझ्या मुलाने मला विचारलं असतं, तर आम्ही दोघं एकत्र रडलो असतो. जिन्यात एकट्याने रडण्यापेक्षा ते बरं होतं.

हे आकडे येतात कुठून? 1963 साली मुंबईत देशातली पहिली कॅन्सर नोंदणी सुरू झाली, 1987 साली आपल्या सोलापूर जिल्ह्यात बार्शीला ग्रामीण भागातली पहिली. तिथली माणसं गावोगाव फिरून कोण आजारी, कोण हयात, कोण गेलं हे लिहून घेतात. प्रत्येक टक्क्यामागे कोणाची तरी आई आहे.

आणि आकडा बदलताही येतो. 1998 पासून टाटा मेमोरियलने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत, दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना शिकवून त्यांच्याकडून गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी करवली. साधन काय, तर व्हिनेगरसारखं पातळ ॲसिड आणि दिवा. 2013 साली निकाल जाहीर झाला. तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्के कमी. म्हणून लाजू नका, तपासून घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार आहेत, कागदपत्रं आधीच नीट ठेवा. अंगारे-धुपारे करणाऱ्याकडे घालवलेले महिने परत मिळत नाहीत.

तथागतांनी कालामांना सांगितलं, ऐकीव आहे म्हणून मानू नका, पारखून घ्या. ते आकड्यालाही लागू आहे.

माझी मुलगी 2016 साली बारावी झाली. निकाल बघायला मी होते. ती चिठ्ठी मी अजून कपाटात ठेवली आहे. पुढे काय होईल, मला माहीत नाही. निरोगी माणसाला तरी कुठे माहीत असतं? उद्या सकाळी विहाराच्या अंगणात झाडू मारायची पाळी माझी आहे, एवढं मात्र नक्की माहीत आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.